दोन वर्षं वाया जात नाहीत

‘दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस (गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचा अभ्यास) शिकलात, तर विद्यापीठात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात,’ असं अमेरिकेतल्या मराठी घरांतही ऐकू येतं. कॅलिफोर्नियात तरी हे साफ चूक आहे. २०१० च्या कायद्याने तिथे खास ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची कम्युनिटी कॉलेजची पदवी आली. या विषयाचं तिथलं नाव ‘ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’. किमान २.० जीपीए (गुणांची सरासरी) राखून तिची ६० युनिट (श्रेयांक) पूर्ण केली, की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश. जुळत्या शाखेत उरतात आणखी ६०. हवा तोच कॅम्पस मिळेल याची मात्र हमी नाही. खरा घोळ होतो तो पदवीच्या नावात. साधी ‘एएस’ (असोसिएट इन सायन्स) वेगळी, ट्रान्सफरची ‘एएस-टी’ वेगळी. हमी फक्त दुसरीला आहे. तेव्हा पहिल्याच सत्रात समुपदेशकासमोर बसा आणि आपल्या आराखड्यात ती शेवटची ‘टी’ आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.