पट्ट्यावरचं विमान उडेल का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

धावपट्टीच्या जागी तेवढाच लांब कन्व्हेयर बेल्ट. विमान ज्या वेगाने पुढे जाईल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकणार. विमान उडेल की नाही? २००५-०६च्या सुमारास या कोड्याने इंटरनेटवर धुमाकूळ घातला. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘द स्ट्रेट डोप’ या अमेरिकी सदरात सेसिल अ‍ॅडम्स यांनी ‘उडेल’ असा निकाल दिला. वाद मिटला नाहीच, उलट पुढच्याच महिन्यात त्यांना त्याच विषयावर पुन्हा लिहावं लागलं.

‘नाही उडणार’ म्हणणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. आपल्या रोजच्या ओळखीची वाहनं चाकं फिरवून पुढे जातात, आणि पट्टा मोटारीच्या चाकांइतक्याच वेगाने मागे सरकला तर मोटार खरंच जागच्या जागी राहील. विमानाचं इंजिन मात्र चाकं फिरवत नाही. प्रॉपेलर किंवा जेट हवा मागे लोटतं आणि त्या जोरावर विमान पुढे जातं. चाकं खाली मोकळी फिरत असतात. पट्टा उलटा सरकला तर ती दुप्पट वेगाने फिरतील, इतकंच. घर्षणाचा अडथळा इंजिनाच्या जोरापुढे किरकोळ असतो.

खरं तर विमानाच्या इतिहासाने हा प्रश्न कोडं जन्मण्याच्या शंभर वर्षं आधीच निकालात काढला होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकला उडालेल्या राइट बंधूंच्या यंत्राला चाकंच नव्हती. सुमारे १८ मीटरच्या रुळावरून एका छोट्या गाड्यावर ते धावलं आणि गाडा खाली सोडून वर गेलं. पहिल्या उड्डाणात १२ सेकंदांत अंतर कापलं जेमतेम ३७ मीटर, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ताशी ११ किलोमीटर. सायकलवालाही मागे टाकेल असा वेग! पण समोरून ताशी ३० किलोमीटरहून जोराचा वारा येत होता, आणि पंखांना हवेच्या तुलनेतल्या वेगाशीच देणंघेणं असतं.

नौदलांनी हे लवकर हेरलं. ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग यांनी ‘फ्युरियस’ या चालत्या युद्धनौकेवर सॉपविथ पप हे विमान उतरवलं, तेव्हा जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून विमान डेकच्या तुलनेत जवळजवळ स्थिर झालं होतं. खलाशांनी ते अक्षरशः हाताने धरलं. काही दिवसांतच असाच प्रयोग करताना डनिंग यांचा मृत्यू झाला. पुढे विमानवाहू जहाजं उड्डाणाच्या वेळी वाऱ्याकडे तोंड करू लागली. १९६१ साली आपल्या नौदलात आलेल्या ‘विक्रांत’वरची सी हॉक विमानं वाफेच्या कॅटापल्टने पुढे फेकली जात, त्यातही चाकांच्या पकडीवर काही अवलंबून नव्हतं.

मग वाद इतका का चिघळला? माझ्या मते दोष शब्दरचनेचा. कोडं तोंडातोंडी फिरताना ‘विमानाच्या वेगाइतका’ याचं कुठेतरी ‘चाकांच्या वेगाइतका’ झालं. हे साधं वाटलं तरी कोडंच बदलतं. चाकं घसरत नसतील तर त्यांचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. तो पट्ट्याच्या वेगाइतकाच ठेवायचा तर विमानाचा वेग शून्य धरावा लागतो. म्हणजे ‘उडणार नाही’ हे उत्तर प्रश्नातच दडवून ठेवलेलं. प्रत्यक्षात पट्ट्याला बेफाम वेग घेत राहावं लागेल, आणि त्याआधी टायर फुटतील.

३० जानेवारी २००८ रोजी ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने पहिल्या अर्थाचं कोडं तपासलं. लांबलचक कापडावर हलकं अल्ट्रालाइट विमान उभं केलं आणि ते कापड पिकअप ट्रकने उलट्या दिशेला ओढलं. वैमानिकालाच वाटत होतं की आपण जागचे हलणार नाही. विमान बिनदिक्कत उडालं. त्यावर ‘पट्टा चाकांच्या वेगाने कुठे फिरवला?’ असा आक्षेप आलाच. तसा पट्टा कोणत्याही ट्रकने ओढता येणार नव्हता.