ढेकूण एक, खाज अख्ख्या ऑफिसला

कुणा खोडकर संस्कृत कवीनं एक श्लोक रचून ठेवलाय. लक्ष्मी कमळात झोपते, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात. का, तर म्हणे ढेकणांच्या धास्तीनं! देवांना घर सोडायला ढेकूण दिसावाही लागला नाही, नुसती शंका पुरली. आपलंही तसंच असतं, फक्त आपल्याला क्षीरसागरात बदली मागता येत नाही.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ऑफिसात गेल्या उन्हाळ्यात हेच झालं. अकाउंट्समधल्या एकीला खुर्चीच्या पाठीवर तपकिरी, चपटा, अख्ख्या मसुरीएवढा किडा दिसला. तिनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि किडा झटकून दिला, म्हणजे पुरावा तिथंच गेला. फोटो नेहमीसारखा हललेला. चहाच्या वेळेपर्यंत अर्धा मजला मान आणि पोटऱ्या खाजवत होता. बॅगा जमिनीवरून टेबलावर आल्या, एकजण हाफ डे टाकून घरी गेला, आणि सातपूरला कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका ट्रेनी पोराच्या शेजारची खुर्ची जेवणाच्या सुट्टीत रिकामी राहिली. तिथं काम करणाऱ्या मैत्रिणीनं मला फोन केला. म्हणाली, "खरं सांग, मला चावलेत की मला नुसतं वाटतंय?"

नुसत्या खाजेवरून ते कुणालाच सांगता येत नाही. अंगावरचा पुरळ बघून तो ढेकणाचाच आहे, असं त्वचारोगतज्ज्ञही छातीठोकपणे सांगणार नाही. कारण ढेकणाच्या लाळेला प्रत्येक शरीर आपल्या पद्धतीनं उत्तर देतं. काहींना गांधी उठतात, काहींच्या अंगावर काहीच उमटत नाही. शिवाय चावा आणि पुरळ यांच्यात काही दिवस जाऊ शकतात, कधी तर दोन आठवडेही. म्हणजे सोमवारी ऑफिसात दिसलेल्या गांधीमागे खुर्ची असेल, नाहीतर मागच्या आठवड्यातल्या लग्नात मंगल कार्यालयानं दिलेली गादी असेल, नाहीतर निव्वळ डास. नाशिकमध्ये डासांवर संशय घ्यायला कुणाची हरकत नसावी.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. खाज डोळ्यांनी आणि कानांनीही लागते. त्वचारोगतज्ज्ञ उवे गीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत खाजेवर एक जाहीर व्याख्यान ठेवलं आणि श्रोत्यांवर कॅमेरे लावले. व्याख्यानाच्या एका भागात पडद्यावर पिसवा, गोचिडासारखे किडे आणि ओरखडे दाखवले, दुसऱ्या भागात तान्ह्या बाळाची त्वचा वगैरे शांत चित्रं. किड्यांच्या वेळी लोक जास्त खाजवत होते. त्यांच्या अंगावर एकही किडा नव्हता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पुढं २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दुसऱ्याला खाजवताना पाहणाऱ्यांचे मेंदू तपासले. खाज सुटल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले बरेच भाग तेव्हाही जागे झालेले दिसले. ज्यांचा स्वभाव मुळात काळजी करण्याकडं झुकलेला, त्यांना ही उसनी खाज जास्त जाणवली. (हा परिच्छेद वाचताना तुमचा हात मानेकडं गेला असेल, तर तो तिथंच राहू द्या.)

म्हणजे ही माणसं नाटक करतात का? मुळीच नाही. जून १९६२ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कापड कारखान्यात कामगारांना मळमळ, चक्कर, बधिरपणा असा त्रास सुरू झाला. परदेशातून आलेल्या कापडाबरोबर काहीतरी विषारी किडा आलाय आणि तो चावतोय, अशी बातमी फिरली. ६२ जणांना त्रास झाला. डॉक्टर आले, कीटकतज्ज्ञ आले, फवारणी झाली. पण एवढा त्रास देईल असा किडा काही सापडला नाही. ॲलन केर्कहॉफ आणि कर्ट बॅक या समाजशास्त्रज्ञांनी नंतर कामगारांशी बोलून माग काढला. त्रास झालेल्यांमध्ये ओव्हरटाइम करणारे, घरची जबाबदारी अंगावर असलेले लोक जास्त होते, आणि पुढं पुढं हा त्रास मैत्रीच्या ओळखीपाळखीतून पसरत गेला. ताण खरा होता, लक्षणं खरी होती, किडा तेवढा खोटा. मार्चअखेरीला अकाउंट्स विभागातून चक्कर मारून या, म्हणजे यातलं निम्मं आपोआप कळेल.

आता खऱ्या ढेकणाकडं वळू. भारतात त्याच्या दोन जाती आढळतात, सायमेक्स लेक्टुलॅरिअस आणि उष्ण प्रदेशात रमणारी सायमेक्स हेमिप्टेरस. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ ते ७ मिलिमीटरचा. त्याला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब हुंगत तो येतो, ५ ते १० मिनिटं रक्त पितो आणि फटीत जाऊन काही दिवस पचवत बसतो. त्याला हवा असतो अंधार आणि तासन्‌तास न हलणारं अंग. ट्यूबलाइट चालू, माणसं येता-जाता, रात्री कुलूप, असं ऑफिस त्याला संसार मांडायला फारसं सोयीचं नाही. तिथं दिसलेला ढेकूण बहुतेक वेळा कुणाच्या तरी बॅगेच्या शिवणीतून आलेला पाहुणा असतो. तीन शिफ्टमध्ये चालणारी जागा मात्र वेगळी. रात्रपाळीची विश्रांतीची खोली, ड्रायव्हरांची खोली, सिक्युरिटी केबिनमधली कॉट आणि चोवीस तास कुणी ना कुणी बसलेली फोमची खुर्ची, इथं त्याची सोय होऊ शकते. शोध घ्यायचा तर सुरुवात तिथून करावी.

ढेकूण शोधण्यापेक्षा त्याच्या खुणा शोधणं सोपं. खुर्ची उलटी करायची, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि जुनं एटीएम कार्ड शिवणीतून, स्टेपल केलेल्या कापडाच्या कडेनं, स्क्रूच्या खाचांतून फिरवायचं. काळे ठिपके, फिकट तपकिरी कातीच्या सालपटी, मिलिमीटरभर पांढरी अंडी, यांतलं काही मिळतं का पाहायचं. ठिपक्यावर ओला टिश्यू दाबला आणि लालसर तपकिरी डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त, म्हणजे ढेकणाची विष्ठा. अंबडच्या ऑफिसात एका खुर्चीखालचे तीन ठिपके बघून दोघींनी किंचाळून घेतलं, आणि टिश्यू निळा झाला. बॉलपेन. ज्या खुर्चीपासून हे सगळं सुरू झालं, तिच्या तळाच्या कापडात मात्र एक कात सापडली. बाकी खुर्च्या कोऱ्या. किडा दिसलाच तर झटकू नका. पारदर्शक सेलोटेपनं उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा, तारीख आणि जागा लिहा. झुरळाची पिल्लं आणि कापडातले बारके भुंगेरे यांच्यावर ढेकणाचा आळ नेहमी येतो.

आळ म्हटल्यावर एक जुनी गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये संशोधन करणाऱ्या पॅटन यांना वाटत होतं की काळा आजार, म्हणजे कालाआजार हा जीवघेणा ताप, ढेकूण पसरवतो. तो दोष खरा वाळूमाशीचा होता, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानं पक्कं झालं. आजतागायत रोजच्या जगण्यात ढेकणामुळं माणसात रोग पसरतो, असा पुरावा नाही. खाज, गांधी, खाजवून झालेल्या जखमा आणि उडालेली झोप, एवढं तो करतो. ते कमी नाही, पण घाबरून नोकरी सोडण्याइतकंही नाही.

त्या ट्रेनी पोराचं काय? मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकलं ते हेच. ढेकूण घाणीमुळं होत नाहीत. त्यांना रक्त हवं असतं. ते पंचतारांकित हॉटेलातल्या पाहुण्याचंही चालतं आणि सहा जणांच्या खोलीतल्या मुलाचंही. दाटीत ते लवकर पसरतात आणि निघता निघत नाहीत, एवढाच फरक. बरं, लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवलेला ढेकूण वाढतो. मादी दिवसाला काही अंडी घालते, ती साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात आणि अनुकूल हवेत पाच-सहा आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. तेव्हा "माझ्या खोलीवर ढेकूण झालेत" हे ज्या ऑफिसात न लाजता सांगता येतं, तिथं ढेकूण लवकर आटोक्यात येतो. एचआरनं नाव न घेता सगळ्यांना एकच सूचना द्यावी आणि तपासणी सरसकट सगळ्या मजल्याची करावी.

घाईनं फवारणी मात्र नको. १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते, आणि आज नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांनाही बरेच ढेकूण पुरून उरतात. धूर सोडणाऱ्या डब्यांनी ते मरण्याऐवजी भिंतींच्या फटींत पांगतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी विचारा, खूण कुठं सापडली? तो न बघताच भाव सांगत असेल तर दुसरा शोधा. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा यायचं ठरवूनच घ्या, कारण पहिल्या खेपेला अंडी वाचतात. उष्णता हा खात्रीचा उपाय. सगळीकडं पोचलेली ५० अंशांची उष्णता ढेकूण आणि अंडी दोन्ही संपवते. आपल्या आज्या खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या, त्यामागं हेच. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा किंवा शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. ऑफिसची बॅग दाराजवळ खुंटीला टांगा, पलंगावर टाकू नका.

उरते ती धास्ती. तिला सारखं तपासायला हवं असतं, आणि दर वेळी तपासलं की घटकाभर बरं वाटतं, म्हणून ती पुन्हा मागते. मैत्रिणीला मी एवढंच सुचवलं की आठवड्यातून एक वार ठरव, त्या दिवशी खुर्ची आणि गादीच्या कडा नीट बघ, खूण नसेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत टॉर्च कपाटात. ग्रुपवरचे फोटो बघणंही बंद. खूण एकही नाही, पेस्ट कंट्रोलवाल्यानंही हात टेकले, तरी अंगावर काहीतरी चालतंय असं महिनोन्‌महिने वाटत राहत असेल, तर गोष्ट वेगळी. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९३८ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. असे रुग्ण धूळ, धागे, सालपटं काडेपेटीत भरून डॉक्टरांकडं आणतात, आणि डॉक्टर लोकांत ही काडेपेटीची खूण प्रसिद्ध आहे. तो आजार विरळा आहे आणि त्यावर औषध आहे. पण तिथवर जायची वाट कशाला बघायची? झोप उडाली, कामावर जायची भीती वाटू लागली, की सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक लावता येतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.