संगणकाचे जलशीतन (ग्रामीण विदर्भ)

प्रोसेसरमध्ये तयार होणारी उष्णता फिरत्या पाण्याने उचलून दूरच्या रेडिएटरमधून हवेत सोडायची, या पद्धतीला जलशीतन म्हणतात. दुकानात तिचे नाव लिक्विड कूलिंग. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या संगणकांवर ती वापरली जाते. विदर्भाच्या ग्रामीण भागात असे संगणक गेम खेळणाऱ्या मुलांकडे आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओंमध्ये आढळतात. स्टुडिओतल्या यंत्राची अडचण अधिक गंभीर असते. लग्नांच्या व्हिडिओंचे तासन्‌तास चालणारे रेंडरिंग, म्हणजे जोडलेल्या दृश्यांतून अंतिम व्हिडिओ तयार करणे, एप्रिल-मेच्या लगीनसराईत येते, आणि ऊनही नेमके तेव्हाच सर्वांत कडक असते. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नेहमीचे आहे. त्यामुळे इथली निवड मे महिन्याच्या दुपारचा विचार करूनच करावी लागते.

उष्णता का वाढते

प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवला की तो स्थिर ठेवायला व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि भार पडतो तो तिथे. ४.४ गिगाहर्ट्‌झ व १.२० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्‌झ व १.३५ व्होल्टवर नेला, तर वेग ९ टक्के वाढतो आणि उष्णता जवळपास ३८ टक्के. एका तासाच्या रेंडरिंगमध्ये फार तर पाच मिनिटे वाचतात. हा हिशेब आधी मांडावा, मग पैसे काढावेत. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. त्या क्षणी ओव्हरक्लॉकचा सगळा फायदा संपतो.

पाणी काय करते आणि काय करत नाही

प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, पंप, रेडिएटर, त्यावरचे पंखे आणि नळ्या एवढीच ही रचना. पाण्याची उष्णता धरण्याची क्षमता मोठी असते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर १५० वॉट उष्णता उचलताना ते जेमतेम दोन अंशांनी तापते. म्हणून महागडा जोरदार पंप घेऊन विशेष काही साधत नाही. खरे काम रेडिएटरचे, आणि रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही.

इंटरनेटवरच्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत, २१ ते २५ अंशांत झालेल्या असतात. टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील, तर चाचणीतल्या प्रत्येक आकड्यात १७ ते २१ अंश सरळ मिळवावेत. त्यातच कारखान्यात पाणी भरून बंद केलेल्या बहुतेक कूलरमध्ये पाण्याचे तापमान ६० अंशांच्या आत ठेवणे अपेक्षित असते. खोली ४२ अंशांवर आणि भाराखाली पाणी तिच्याहून १२-१५ अंश जास्त, म्हणजे मर्यादा हाताशीच आली. कवेलूच्या, जाड मातीच्या भिंतींच्या घरात हीच जोडणी निभावून जाते. स्लॅबच्या घराची वरची खोली मात्र संध्याकाळनंतरही तापलेली राहते.

पार्श्वभूमी

पाण्याने संगणक थंड करणे जुने आहे. आयबीएमने १९६० च्या दशकातल्या मोठ्या मेनफ्रेम यंत्रांत ते वापरले. घरगुती ओव्हरक्लॉकिंगला जोर आला तो १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरमुळे, जो अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. त्या काळात हौशी लोक मोटारीच्या हीटरचे छोटे रेडिएटर आणि मत्स्यालयाचे पंप जोडून सामान तयार करत. २००९ मध्ये कोर्सेअर एच५० बाजारात आल्यावर कारखान्यात भरून बंद केलेला संच, म्हणजे एआयओ, सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला.

निवड

साधारण १२५ वॉटपर्यंतच्या प्रोसेसरला अडीच-तीन हजार रुपयांचा चांगला टॉवर एअर कूलर, म्हणजे पात्यांचा उभा मनोरा आणि पंखा, पुरतो. त्यात गळणारे, सडणारे किंवा बंद पडणारे पंख्याखेरीज काहीच नसते आणि पंखा कुठल्याही गावात बदलता येतो. ज्याचे बजेट खरोखर तोकडे आहे, त्याने इथेच थांबावे हे उत्तम.

त्यापलीकडे २४० मिलिमीटर रेडिएटरचा एआयओ. तो साधारण पाच ते आठ हजारांत मिळतो. १२० मिलिमीटरचा एआयओ मात्र घेऊ नये. चांगल्या टॉवर कूलरपुढे तो बहुधा टिकत नाही आणि पंप बिघडण्याची जोखीम तेवढी अंगावर येते. ३६० मिलिमीटरने आणखी काही अंशच मिळतात, कॅबिनेट मात्र मोठी लागते. सुट्या भागांची कस्टम लूप, म्हणजे ब्लॉक, पंप, रेडिएटर वेगवेगळे घेऊन स्वतः जोडलेले पाण्याचे वर्तुळ, वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जाते. तिचा एखादा सांधा बिघडला तर सुटा भाग कुरिअरने येईपर्यंत काम बंद, म्हणून लगीनसराईत चालणाऱ्या यंत्राला ती परवडत नाही. जुना एआयओ स्वस्तात मिळाला तरी नाकारावा. नळीच्या रबरातून वर्षानुवर्षे पाणी सूक्ष्म प्रमाणात उडून जाते, उष्ण हवेत अधिक वेगाने, आणि बहुतेक संचांत ते पुन्हा भरायला तोंडच नसते.

कुलरची हवा

विदर्भात अनेक घरी असलेला, खोली थंड करणारा कुलर हाच इथला सर्वांत स्वस्त सुधार आहे. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यातल्या तापमापीत २३ अंशांच्या आसपास दिसतात. वाळ्याची किंवा वुडवूलची ताटी नीट भिजलेली असेल तर कुलरच्या तोंडाशी २८-२९ अंशांची हवा मिळू शकते. बंद खोलीतल्या हवेपेक्षा ती १२-१४ अंशांनी थंड. रेडिएटरवर दुप्पट पैसे घातले तरी एवढा फरक पडत नाही.

या हवेने मदरबोर्डावर दव साचेल ही भीती खूप ऐकू येते. दव साचायला पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड लागतो, आणि या जोडणीत प्रत्येक भाग आजूबाजूच्या हवेइतका किंवा तिच्याहून गरमच असतो. धोका वेगळाच आहे. ताटीतून उडणारे तुषार थेट कॅबिनेटमध्ये गेले, तर पाण्यातले क्षार बोर्डावर वाळून बसतात. यंत्र कुलरपासून सहा-सात फूट दूर, झोतात पण तुषारांच्या टप्प्याबाहेर ठेवावे. आणि खिडकी किंवा दार किंचित उघडे असलेच पाहिजे. नाहीतर खोली दमट होते आणि कुलर नुसता पंखा उरतो. मृग लागल्यावर हा उपाय आपोआप निरुपयोगी होतो. पण तोवर उकाडाही उतरलेला असतो.

माठ आणि ड्रम

तांब्याची गुंडाळी माठात बुडवून त्यातून लूप फिरवण्याची कल्पना आकर्षक वाटते. माठातून दिवसाला एक लिटर पाणी झिरपून उडत असेल, तर त्याने सरासरी २८ वॉट उष्णता जाते. १५० वॉटच्या प्रोसेसरपुढे ते काहीच नाही. दोनशे लिटरचा ड्रम मात्र वेगळी गोष्ट आहे. १५० वॉटच्या भाराने त्याचे पाणी तासाला अर्ध्या ते पाऊण अंशाने तापते. म्हणजे रात्री निवलेला, सावलीतला ड्रम दिवसभराचे रेंडरिंग सहज झेलतो. ओले पोते गुंडाळले तर आणखी बरे. एका जागी राहणाऱ्या स्टुडिओच्या यंत्राला ही खरोखर विचार करण्यासारखी सोय आहे. अट एवढीच की ड्रमचे पाणी ब्लॉकमध्ये जाता कामा नये. लूपचे पाणी तांब्याच्या गुंडाळीतून ड्रममध्ये फिरावे आणि बाहेर यावे.

पाणी व धातू

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले पाणी तर सोडाच, इतरत्रच्या विहिरी-बोअरचे जड पाणीही लूपमध्ये चालत नाही. ब्लॉकमधल्या खाचा एक मिलिमीटरहून अरुंद असतात आणि क्षारांनी लवकर बुजतात. वीस लिटरच्या कॅनमधले आरओ पाणीही क्षारमुक्त नसते. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि त्यात गंजरोधक व शेवाळ रोखणारे द्रव्य मिसळावे.

मोटारीचा जुना रेडिएटर वापरायचा असेल, तर तो पितळ-तांब्याचा असल्याची खात्री करावी. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक साध्या पाण्याने जोडले की ॲल्युमिनियम खंगत जाते. एआयओमध्ये हीच जोडी असते, पण आतल्या द्रवातले गंजरोधक तिला सांभाळते. म्हणूनच एआयओ फोडून त्यात साधे पाणी भरू नये. कुलरचा २३० व्होल्टचा बुडता पंप लूपमध्ये लावणेही टाळावे. गावाकडे अर्थिंग भरवशाचे असतेच असे नाही. १२ व्होल्टचा पंप थोडा महाग पडला तरी जिवाला सुरक्षित.

देखभाल

जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत भुसा रेडिएटरच्या पात्यांत दाट बसतो. पुढे जाळी लावावी, महिन्यातून एकदा पंखे काढून ब्रशने साफ करावे. एआयओ बसवताना पंप हा लूपचा सर्वांत उंच भाग नसावा, म्हणजे आतली हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाऊन राहते. पंपातून गुळगुळ आवाज सतत येऊ लागला तर पाणी कमी झाले असे समजावे.

बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एकाहून अधिक प्रोफाइल जतन करता येतात. एक उन्हाळ्यासाठी, कंपनीच्या वेगावर आणि थोड्या कमी व्होल्टेजवर. दुसरे डिसेंबर-जानेवारीसाठी, जेव्हा रात्रीचा पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि तोच २४० मिलिमीटरचा संच पूर्ण ओव्हरक्लॉक विनातक्रार पेलतो.