टाके निघाले म्हणून व्यायाम थांबवू नका
खर्ऱ्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) तोंड आवळलेल्या आणि आमच्याकडे ऑपरेशन झालेल्या किंवा ठरलेल्या रुग्णांसाठी

ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, तेव्हा तोंड एवढं उघडलं होतं, मग परत कसं आवळलं?" विचारपूस केली की उत्तर बहुतेक वेळा तेच निघतं. टाके निघाले, जेवण जमायला लागलं आणि काड्यांचा व्यायाम (दाढांमध्ये लाकडी काड्या ठेवून तोंड ताणण्याचा) सुटला. म्हणून हे पत्रक. तुम्ही वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या, कारण व्यायामाची आठवण शेवटी त्यांनाच करून द्यावी लागते.

तोंड आवळण्याचा हा आजार, सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे काय हे तपासणीच्या वेळी सांगितलेलंच आहे. आधी सावजी रस्सा झोंबायला लागला, मग गुपचूप (पाणीपुरी) अख्खी तोंडात जाईना, मग स्वतःची तीन बोटं उभी बसेनात, हा क्रम तुम्ही भोगलेला आहे. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन या प्रथिनाचे धागे गरजेपेक्षा जास्त तयार होतात. सुपारीतलं तांबं हे धागे एकमेकांना घट्ट बांधायला मदत करतं, मग शरीराला ते मोडता येत नाहीत आणि त्यांचे पट्टे बनतात. तंबाखू वाईटच, पण तोंड आवळण्यामागे मुख्य हात सुपारीचा. "खर्रा सोडला, आता फक्त साधी सुपारी खातो" असं सांगणारे पुष्कळ येतात. त्यांनी आजाराचं मूळच तोंडात ठेवलेलं असतं.

ऑपरेशनमध्ये आम्ही दोन्ही गालांतले पट्टे कापतो. उघडी पडलेली जागा गालातल्याच चरबीने किंवा नाकाशेजारच्या त्वचेने झाकतो. अक्कलदाढा बहुधा त्याच वेळी काढतो, नाहीतर त्या नव्या अस्तरावर चावत राहतात. एवढ्यानेही तोंड पुरेसं उघडलं नाही, तर कानशिलाचा स्नायू जिथे खालच्या जबड्याला जोडलेला असतो ते हाडाचं टोक कापून मोकळं करतो. इथवरची जबाबदारी आमची.

पुढचं मात्र नीट समजून घ्या. कोणतीही जखम भरताना आकसते. त्या जागी विशेष पेशी येतात आणि कडा ओढून एकमेकींजवळ आणतात. हातापायावर हे सोयीचं असतं, गालात मात्र याच ओढीने तोंड पुन्हा मिटायला लागतं. टाके निघतात तेव्हा जखम फक्त वरून भरलेली असते, आतलं आकसणं पुढे कित्येक आठवडे सुरूच राहतं. म्हणजे तुम्हाला "आता बरं झालं" असं वाटायला लागतं, नेमका तोच काळ धोक्याचा. त्या दिवसांत गाल ताणलेला ठेवला नाही, तर ऑपरेशनच्या टेबलावर मिळवलेले मिलिमीटर एकेक करून परत जातात. दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं तर ते आधीच घट्ट झालेल्या व्रणातून करावं लागतं. ते अवघड असतं, खर्चही पुन्हा येतो, आणि पहिल्याइतकं यश मिळेल असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून व्यायाम किमान सहा महिने. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी पाच मिनिटं. लाकडी काड्यांचा गठ्ठा दाढांमध्ये ठेवायचा, पुढच्या दातांत नाही. पुढच्या दातांवर जोर आला तर ते हलायला लागतात. एक वेळ उजवीकडे, एक वेळ डावीकडे. गठ्ठा सहज बसायला लागला की त्याच दिवशी एक काडी वाढवा. ताण गालात जाणवला पाहिजे. दात दुखत असतील तर काड्या चुकीच्या जागी आहेत. सुरुवातीला दुखेल, ते आम्हाला माहीत आहे, आणि त्यासाठी लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या. गोळी व्यायाम करता यावा म्हणून दिलेली आहे, टाळता यावा म्हणून नाही. थुंकीत किंचित लाली दिसली तर घाबरू नका. रक्त थांबत नसेल तर लगेच फोन करा.

"काड्यांनी काम होतं, मग तुमच्याकडचं तोंड ताणायचं स्क्रूचं यंत्र कशाला?" असंही विचारतात. काड्यांनी काम होतं, नियमित करणाऱ्याला यंत्राची गरज नाही. पण यंत्राने ताण हळूहळू आणि मोजून वाढवता येतो, दुकानात किंवा गाडीवर बसणाऱ्यांना ते सोपं जातं. आम्ही ते अनामत घेऊन वापरायला देतो आणि परत आणलं की रक्कम परत करतो.

ऑपरेशनची तारीख आम्ही पहिल्याच भेटीत देत नाही, याचा काहींना राग येतो. आधी खर्रा-सुपारी पूर्ण बंद आणि तीन आठवडे व्यायाम, मगच तारीख. जो आधी करत नाही तो नंतरही करत नाही, हे आम्ही पाहिलेलं आहे. खर्चाबद्दलही स्पष्ट सांगतो : तोंड उघडत नसताना भुलीची नळी घालणं जोखमीचं असतं. ती जागेपणी, नाकातून, दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. म्हणून आम्ही अशा कामात अनुभवी भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच ऑपरेशन करतो. हा खर्च झेपत नसेल तर नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जरूर जा. व्यायाम तिथेही हाच सांगतील.

दर भेटीत आम्ही व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मोजून कार्डावर लिहितो. या आजारावरच्या संशोधनातही हेच अंतर धरतात. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. "बरं वाटतं" यावरून आम्हाला काही कळत नाही. आकडा दोन मिलिमीटरने घसरला तर लगेच कळतं आणि तेव्हा सुधारताही येतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून येणाऱ्यांनी प्रत्येक वेळी बसचा त्रास घेऊ नये. सोबतची कागदी पट्टी दातांशी धरून आरशासमोर फोटो काढा आणि आठवड्यातून एकदा पाठवा.

तोंड उघडलं तरी तपासणी आयुष्यभर ठेवा. केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. गालात न भरणारी जखम, लाल डाग किंवा गाठ दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. संशय आला तर आम्ही तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतो. त्याने आजार पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

पहिल्या सहा महिन्यांत मोजणीसाठी वेगळी फी नाही, नंबरही लावावा लागत नाही. कार्ड आणि काड्या सोबत आणा.