बंदुकीवरची पानं कोणासाठी?

एप्रिलचा मध्य. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, ओझार्कच्या टेकड्यांवर, ओक आणि हिकरीच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली असते. उजाडायला अर्धा तास असताना एक शिकारी जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो. अंगावर पानाफांद्यांच्या छापाचे कपडे, हातमोजे, तोंडावर तशीच जाळी. तो घुबडासारखा हुंकार काढतो आणि झाडावर रात्र काढलेला रानटी टर्की पक्ष्याचा नर न राहवून गुडगुडता आवाज देतो. कुठे आहे ते कळलं. आता मादीचा आवाज काढायचा आणि वाट बघायची. शिकाऱ्याच्या गुडघ्यावर छऱ्यांची बंदूक टेकलेली आहे, आणि तिच्या नळीपासून दस्त्यापर्यंत तीच पानं, त्याच काटक्या छापलेल्या आहेत.

साध्या काळ्या बंदुकीपेक्षा अशा बंदुकीला सहसा जास्त पैसे मोजावे लागतात. त्या जादा पैशांतून टर्कीच्या डोळ्यांना खरंच काही फसवता येतं का? मला हा प्रश्न शिकारीपेक्षा डोळ्यांचा वाटतो, म्हणूनच तो आवडतो. आपण एखादी वस्तू लपवतो तेव्हा कोणाच्या नजरेपासून लपवतो आहोत, हे विसरून चालत नाही.

तेव्हा आधी त्या नजरेविषयी. ब्रिस्टल विद्यापीठातले नेथन हार्ट, ज्युलियन पार्ट्रिज आणि इनेस कटहिल यांनी 1999 मध्ये पाळीव टर्कीच्या डोळ्यातली रंगद्रव्यं मोजली. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, टर्कीच्या डोळ्यात चार. त्यांचा प्रतिसाद साधारण 420, 460, 505 आणि 564 नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असतो. शिवाय प्रत्येक शंकुपेशीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब असतो. बहुतेक थेंब रंगीत असतात आणि गाळणीचं काम करून रंगांमधला फरक आणखी ठळक करतात. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील प्रकाश अडवतं. टर्कीचं भिंग त्यातला जांभळ्यालगतचा भाग आत सोडतं.

याचा पहिला परिणाम असा की हरणाच्या शिकारीत चालणारी युक्ती इथे चालत नाही. हरणांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात. दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घातलेलं भडक केशरी जाकीट त्यांना मळकट दिसतं, म्हणून शिकारी ते निर्धास्त घालतात. टर्कीला ते केशरी स्पष्ट दिसतं. दुसरा परिणाम कपडे धुण्याच्या पावडरीचा. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून तिच्यात घातलेली द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. पहाटेच्या सावलीतल्या प्रकाशात निळ्याचा वाटा आधीच मोठा असतो. त्यात असं धुतलेलं जाकीट पानांच्या छापासकट उजळून निघतं. बंदुकीला पावडर लागत नाही. तिचा काळा, करडा किंवा तपकिरी रंग जंगलातल्या सावल्यांशी आणि ओल्या फांद्यांशी मुळातच फारसा भांडत नाही.

रंगाचं झालं, आता नक्षीचं. इथे थोडं गणित करू या, कारण उत्तराचा मोठा भाग त्यातच आहे. छऱ्यांच्या बंदुकीने टर्कीची शिकार साधारण 35 मीटरच्या आत होते. बारा बोअर या नेहमीच्या मापाच्या नळीची बाहेरची जाडी सुमारे 22 मिलिमीटर. 35 मीटरवरून ही जाडी डोळ्याशी दोन कलांहून किंचित मोठा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, पंचांगात ग्रहांच्या अंशांपुढे लिहिलेली असते तीच. निरोगी माणसाच्या डोळ्याला साधारण एक कलेइतका तपशील वेगळा काढता येतो. नळीवरच्या छापातली काटकी असते पाच-सहा मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम अर्धी कला. याचा अर्थ 35 मीटरवरून माणसालाच ती काटकी दिसत नाही. सगळी नक्षी मिसळून एकच मातकट रंग उरतो.

टर्कीची नजर माणसाच्या कित्येक पट तीक्ष्ण असते, असं शिकारी नेहमी सांगतात. तीक्ष्ण याचा अर्थ बारीक तपशील दिसणं असा घेतला तर हे पटण्यासारखं नाही. टर्कीच्या कुळातल्या कोंबडीवर प्रयोग झाले आहेत. एकमेकींलगतच्या किती बारीक रेषा तिला वेगळ्या दिसतात हे मोजलं, तेव्हा ती माणसाच्या कित्येक पट मागे पडली. बारीक रेषा तिच्यासाठी आपल्याही आधी धूसर होतात. टर्कीचं खरं बळ रंगांत आहे, डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेल्या डोळ्यांमुळे मिळणाऱ्या रुंद दृष्टिक्षेत्रात आहे आणि हालचाल टिपण्यात आहे. पानाच्या शिरा मोजणं हे त्याच्या नजरेचं काम नव्हे.

मग नक्षी एवढी हुबेहूब कशासाठी? अमेरिकेत टॉक्सी हास यांनी 1986 मध्ये मिसिसिपी राज्यात ‘मॉसी ओक’ ही कंपनी काढली. आपण शिकार करतो त्या रानातला मूठभर पाचोळा आणि माती समोर ठेवून कापडावर नक्षी उतरवायची, ही तिच्या जन्माची कथा. अशा नक्ष्या पुढे बंदुकांवरही आल्या. ती पद्धत मोठी देखणी आहे. नक्षी छापलेला पातळ पडदा पाण्यावर तरंगत ठेवतात. पडदा विरघळतो, रंग पाण्यावर राहतात, अगदी आपल्या पाण्यावरच्या रांगोळीसारखे. मग बंदुकीचा भाग हळूच त्यात बुडवला की पाण्याचा दाब तो रंग प्रत्येक वळणावर चिकटवतो. वरून पारदर्शक लेप. दुकानात हातभर अंतरावरून हे काम बघताना माणूस खूश होतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्या अंतरावरून नक्षी पाहणारा डोळा ग्राहकाचा असतो.

टर्की दहा मीटरवर आला तर हिशोब थोडा बदलतो. नळीची जाडी साडेसात कलांच्या आसपास जाते आणि मोठे ठिपके वेगळे दिसू लागतात. पण तिथेही पानाच्या चित्रापेक्षा कडा मोडणं महत्त्वाचं. याचा फार सुंदर प्रयोग कटहिल यांनीच सहकाऱ्यांसह केला आणि तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ओकच्या सालीसारखे रंगवलेले कागदी त्रिकोणी पतंग (उडवायचे नव्हेत, दिव्यावर झेपावतात त्या कीटकांसारखे) झाडांवर टाचले आणि प्रत्येकाला पक्ष्यांसाठी एक मेलेली अळी लावली. काही पतंगांवर गडद ठिपके कडेपर्यंत जाऊन कापले गेले होते, काहींवर तेच ठिपके कडेच्या आत राहिले होते. कडा कापणाऱ्या ठिपक्यांचे पतंग पक्ष्यांच्या नजरेतून जास्त वेळ सुटले. ठिपक्याने कड तुटली की डोळ्याला त्रिकोण जुळवता येत नाही. बंदुकीच्या नळीला कड सोडून दुसरं आहे काय? ती सरळ, लांब रेष असते. तिच्यावर शंभर बारीक पानं छापण्यापेक्षा चार-पाच ठिकाणी गडद-फिके मोठे पट्टे देणं जास्त उपयोगाचं, असं मला या प्रयोगावरून वाटतं. बंदुकीला गुंडाळायची साधी कापडी पट्टीही ते काम करते.

आता चकाकीकडे वळू. एसटीतली स्टीलची उभी दांडी आठवा. ऊन आत आलं की तिच्यावर एक झगझगीत उभी रेघ दिसते. गोल, गुळगुळीत दांडीवर पडलेले सूर्यकिरण दांडीच्या लांबीशी जो कोन करून येतात, तोच कोन राखून परततात. पृष्ठभाग गोल असल्यामुळे ते एका दिशेला न जाता शंकूच्या आकारात पसरतात. पॉलिश केलेली नळीही अशीच. तिच्याभोवती परतलेल्या उन्हाचा एक अदृश्य शंकू उभा असतो. टर्कीचा डोळा त्या शंकूच्या पृष्ठावर नसेल तर त्याला काहीच चमकताना दिसत नाही. पण शिकाऱ्याने नेम धरायला नळी पाच-सात अंश वळवली की तो अख्खा शंकू जंगलातून झाडू मारल्यासारखा फिरतो. क्षणभर डोळ्यावरून गेला की झळाळी, पुढच्या क्षणी काही नाही. उजेड आणि हालचाल एकाच वेळी. एप्रिलमध्ये पालवी विरळ असते, सूर्य खाली असतो, त्यामुळे ऊन थेट बुंध्यापर्यंत येतं.

उपाय साधा आहे. पृष्ठभाग खडबडीत करायचा. बारीक मण्यांचा मारा करून किंवा फॉस्फेटचा थर देऊन पोलाद मंद केलं की तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि कोणत्याही एका डोळ्यात त्यातला फार थोडा जातो. यात नक्षीचा काही संबंध नाही. उलट सुंदर नक्षीवर चकचकीत पारदर्शक लेप दिला असेल, तर ती पानं छापलेली काचच होते. घेताना बंदुकीवरची पानं बघण्यापेक्षा नळीवर टॉर्चचा उजेड तिरपा टाकून बघावा. धारदार रेघ दिसली तर ती नळी रानात चमकणार. नक्षीदार बंदुकांचा लेप बहुतेक वेळा मंद असतो, आणि माझ्या मते त्यांना मिळणाऱ्या यशाचं बरंचसं श्रेय त्या लेपाचं आहे. तो लेप पोलादाला पाऊस-दवापासून वाचवतो, हा आणखी एक खरा फायदा.

राहिली हालचाल. कोंबडी किंवा कबूतर चालताना मान पुढे टाकतं, मग शरीर पुढे येईपर्यंत डोकं जागच्या जागी धरतं. टर्कीही तसंच चालतो. कॅनडातल्या बॅरी फ्रॉस्ट यांनी 1978 मध्ये कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पाय चालत होते पण भोवतालचं दृश्य सरकत नव्हतं, आणि कबुतरांनी मान हलवणं सोडून दिलं. म्हणजे मानेची ती लकब चालण्यासाठी नसून दृश्य स्थिर ठेवण्यासाठी आहे. डोकं स्थिर असलेल्या त्या क्षणी सगळं जंगल डोळ्यात थांबलेलं असतं. त्या थांबलेल्या चित्रात एकच गोष्ट सरकली तर ती लपणार कशी?

नळी टर्कीवर रोखलेली असते तेव्हा त्याला फक्त तिचं दोन कलांचं तोंड दिसतं. ती बाजूला वळलेली असते तेव्हा तिची 65-70 सेंटिमीटरची लांबी दिसते, 35 मीटरवरून एक अंशाहून जास्त, म्हणजे शेजारी ठेवलेल्या दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढी. ही एवढी रेष झाडांच्या पुढून फिरते तेव्हा तिच्यावर काय छापलं आहे याला अर्थ उरत नाही. कटहिल यांच्याच गटाने 2013 मध्ये माणसांवर पडद्यावरचे प्रयोग करून हेच दाखवलं. स्थिर वस्तू छद्मरंगामुळे, म्हणजे भोवतालात मिसळणाऱ्या रंग-नक्षीमुळे, सापडायला वेळ लागतो, ती हलू लागली की तो फायदा जवळपास संपतो.

जाणते शिकारी म्हणूनच रंगापेक्षा बसण्यावर मेहनत घेतात. उजव्या हाताने चाप ओढणारा माणूस डावा खांदा टर्की येईल त्या बाजूला ठेवून बसतो, म्हणजे नळी फार वळवावी लागत नाही. बंदूक आधीच गुडघ्यावर, आधीच वर उचललेली. ती सरकवायची ती पक्ष्याचं डोकं झाडाआड गेलं तेव्हा, किंवा तो पिसारा फुलवून पाठमोरा झाला तेव्हा, कारण त्याचाच पिसारा त्याच्या नजरेच्या आड येतो. काही जण तर टर्कीचा पिसारा हातात धरून त्याच्या आडून सरकतात. हे मात्र जिवावर बेतणारं आहे, दुसऱ्या शिकाऱ्याला तो खरा टर्की वाटतो. लाल, पांढरा आणि निळा हे नराच्या डोक्याचे रंग अंगावर असू नयेत, हा धडा तिथल्या शिकारी प्रशिक्षणात याच कारणासाठी देतात. आपल्याकडच्या गाय पारध्यांचं तर नावच शिकवलेल्या गाईच्या आडून शिकारीजवळ जाण्याच्या पद्धतीवरून पडलं. माणसाचा आकार आणि त्याची चाल दोन्ही गाईत मिसळून टाकायची. छापलेल्या पानांपेक्षा ही समज कितीतरी खोल आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचा विषय हळूहळू संपला, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेची वाट वेगळी. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटी टर्की बहुतेक राज्यांतून नाहीसा होत आला होता. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवरचा आणि काडतुसांवरचा कर (आता 11 टक्के) वन्यजीवांच्या कामाला लावला. जाळ्यात पकडलेले रानटी पक्षी ट्रकमधून नव्या जंगलांत नेऊन सोडले गेले आणि आज टर्की लाखोंनी आहेत. पानं छापलेल्या बंदुकीच्या जादा किमतीतला काही भागही अशा रीतीने टर्कीकडेच परततो.

आपल्याकडे हा प्रश्न बंदुकीऐवजी कॅमेऱ्यापुढे उभा राहतो. मोर टर्कीच्याच कुळातला, आणि त्याच्या शंकुपेशींची मोजणी झाली आहे, आकडे जवळपास तेच आहेत. विदर्भातल्या रानात दीड-दोन फुटी लेन्सला पानांच्या छापाचं आवरण चढवून बसलेले छायाचित्रकार दिसतात. पानांनी मोर फसत नाही. आवरणाचं कापड मंद असेल तर लेन्सची चमक जाते, तेवढा त्याचा उपयोग. समोरच्या काचेची चमक तरीही उरते, तिच्यासाठी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर सावली धरणारं नळकांडं, लावावं. आणि लेन्स वळवायची असेल तर मोर मान खाली घालून टिपायला लागेपर्यंत, किंवा झुडपाआड जाईपर्यंत, थांबावं.