९ नोव्हेंबर १९०६ चा हुकूम : मीरमधून बाहेर पडणे

१८६१ मध्ये रशियात भूदासपद, म्हणजे शेतकऱ्यांची जमीनदाराशी बांधलेली वेठ, संपले, पण मध्य रशियात जमीन शेतकऱ्याच्या नावावर झालीच नाही. ती गावाच्या समाईक संस्थेकडे, मीरकडे गेली. जमीनदाराचा वार्षिक खंड ज्या रकमेचे सहा टक्के भरेल, ती जमिनीची किंमत धरली गेली. खंड ८ रुबल, तर किंमत १३३. त्यातले बहुधा ८० टक्के सरकारने जमीनदाराला दिले आणि ४९ वर्षांच्या हप्त्यांनी शेतकऱ्यांकडून वसुली लावली. हप्त्यांना सारे गाव जामीन असे. हे हप्ते १९०७ पासून माफ झाले.

त्याआधी दोनच महिने, ड्यूमा (रशियाची संसद) बरखास्त असताना, संसदेविना कायदा करू देणाऱ्या कलम ८७ खाली हा हुकूम निघाला: कोणत्याही घरधन्याला आपला वाटा खासगी मालकीचा करून मागता येईल. गावसभेने महिन्याभरात संमती दिली नाही, तर सरकारी अधिकारी परस्पर निकाल देई.

खरी मेख जादा जमिनीच्या कलमात होती. मीर अधूनमधून घरातल्या माणसांच्या हिशेबाने जमीन नव्याने वाटे; हे फेरवाटप गावात २४ वर्षे झाले नसेल, तर कसत असलेली सगळी जमीन अर्जदाराला फुकट. झाले असेल, तर आजच्या माणसांच्या हिशेबाने वाट्यापेक्षा जास्त भरणारी जमीनही त्याला ठेवता येई, तीही हप्त्यांच्या मूळ जुन्या दराने. बाजारभाव तोवर कितीतरी चढला होता. साहजिकच शेवटच्या वाटपानंतर ज्यांच्या घरात माणसे कमी झाली, ते आधी अर्ज करत. पुढच्या वाटपाची वाट पाहणाऱ्या, मुलगे वाढलेल्या घरांचा हक्क त्यातच बुडे. गावसभा अडून बसत ती बरेचदा याच रास्त कारणाने, पण सरकारी कागदांत तिची नोंद अडाणी हट्ट म्हणून झाली. शिवाय मालकी एकट्या घरधन्याची ठरली. बायका-मुलांचा घरच्या जमिनीवरचा दावा लंगडा पडला.

मालकीचा दाखला मिळाल्याने शेत एकत्र येत नसे. एकेका घराच्या जमिनीच्या अरुंद पट्ट्या गावाच्या तीन मोठ्या शेतांत विखुरलेल्याच राहत, पेरणीचे वेळापत्रक गावाचे आणि कापणीनंतर धसकटांवर गुरे सगळ्यांची. सलग तुकड्यासाठी मोजणीदार हवा, मातीची प्रतवारी हवी. घर गावात ठेवून सलग शेत घेतले तर ते ‘ओत्रुब’, घरही शेतावर हलवले तर ‘खुतोर’. स्टेपमध्ये, म्हणजे कोरड्या गवताळ मैदानांत, खुतोर पाण्यावाचून अडे: खोल विहीर एकट्या घराला झेपत नसे. छोट्या तुकड्यावर गुरांना चराई पुरत नसे ते वेगळेच.

१९१० आणि १९११ च्या कायद्यांनी प्रक्रिया आणखी रेटली. महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २० लाख घरांनी मालकी नोंदवली, पण अनेकांनी पट्ट्या विकून गाव सोडले. १९१७ मध्ये गावांनी जमीनदारांबरोबर या फुटून निघालेल्यांच्या जमिनीही पुन्हा वाटपात ओढल्या.