नोंद नसलेला पाऊस आणि संगणकभाषांमधला ‘नल’

मुंबईत भर पावसाळ्यात एखाद्या केंद्रावरचा पर्जन्यमापक बंद पडला, तर त्या दिवशीच्या तक्त्यात त्या केंद्रापुढे ० लिहून चालत नाही. शून्य मिलिमीटर ही मोजून घेतलेली नोंद असते. मापक बंद असताना मात्र पाऊस किती पडला हे कोणालाच ठाऊक नसते. शेजारच्या केंद्राचा आकडा उचलून ती जागा भरणेही धोक्याचेच, कारण २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात तो सुमारे ७३ मिमी इतकाच होता. माहिती उपलब्ध नाही, एवढीच गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवण्यासाठी डेटाबेसमध्ये आणि बऱ्याच संगणकभाषांमध्ये ‘नल’ची सोय असते, पायथनमध्ये तिला ‘नन’ म्हणतात, तर गो भाषेत ‘निल’. जुना प्रोग्राम एका भाषेतून दुसरीत नेताना सर्वांत जास्त हेळसांड याच सोयीची होते, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भाची, म्हणजे कोणत्याच माहितीकडे निर्देश न करणाऱ्या संदर्भाची, कल्पना आणली, ती मुख्यतः अंमलात आणायला अगदी सोपी होती म्हणून. पुढे २००९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. दरम्यान ती कल्पना असंख्य भाषांनी उचलली होती, आणि प्रत्येकीने तिच्याभोवतीचे नियम आपापल्या परीने ठरवले होते. त्यामुळे एका भाषेतल्या नलच्या जागी दुसरीतला नल लिहिणे हे काम कोणतेही स्वयंचलित साधन क्षणात करते, पण खरा प्रश्न त्या नलवर पुढे कोणती क्रिया होते हा असतो.

समजा, एका दिवशी तीन केंद्रांपैकी दोन केंद्रांवर १२० आणि ८० मिमी पाऊस नोंदला गेला आणि तिसऱ्याची नोंदच आली नाही. डेटाबेसमधून माहिती मागवण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्यातले सरासरीचे फंक्शन नल वगळते, म्हणून उत्तर १०० येते. आता हाच हिशेब जावामध्ये न्यायचा आहे आणि प्रत्येक आकडा डेटाबेसमधून ‘गेट-इंट’ या फंक्शनने वाचला जातो आहे, असे धरू. हे फंक्शन नल आढळल्यास ० परत देते आणि कोणतीही तक्रार करत नाही; तो शून्य खरा होता की नल होता, हे लगेच ‘वॉज-नल’ला विचारले तरच कळते. ते विचारायचे राहून गेले, तर सरासरी ६६.६७ वर उतरते. जावास्क्रिप्टमध्ये बेरजेत नल शून्यासारखाच धरला जातो, म्हणून तिथेही हेच चुकीचे उत्तर मिळते. पायथन मात्र आकड्यात ‘नन’ मिळवायला नकार देऊन तिथेच थांबतो, आणि गो भाषेत साध्या पूर्णांकात नल वाचू पाहिला तर त्रुटी येते. जो प्रोग्राम थांबतो त्याची चूक सापडते, गुपचूप ६६.६७ देणाऱ्याची वर्षानुवर्षे सापडत नाही.

अक्षरमजकुराचीही तीच गत आहे. ग्राहकाने अर्जात वडिलांचे नाव भरलेले नसेल, तर पूर्ण नाव जोडताना जावा मधोमध ‘नल’ हा शब्दच छापते, सी शार्प ती जागा रिकामी सोडते आणि प्रमाण एसक्यूएलमध्ये संपूर्ण नावच नल होऊन बसते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये तसे होत नाही, कारण तिथे रिकामा मजकूर आणि नल एकच मानले जातात.

मुंबईसारख्या बँका आणि विमा कंपन्यांच्या शहरात हा प्रश्न कोबोल या व्यावसायिक हिशेबांसाठीच्या जुन्या संगणकभाषेमुळे अधिक अवघड होतो. कोबोलच्या पारंपरिक फाइलींमध्ये नल नव्हताच. तारीख माहीत नसेल तर त्या जागी सगळी शून्ये किंवा सगळे ९ भरण्याची पद्धत होती, आणि त्यांचा अर्थ प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे. कोबोल प्रोग्राम डेटाबेसशी बोलतो तेव्हा मूळ रकान्याच्या जोडीला एक दर्शक व्हेरिएबल ठेवावे लागते, आणि त्यात ऋण संख्या आली म्हणजे मूळ रकाना नल आहे असे समजायचे. रूपांतर करणाऱ्याने हा दर्शक निरुपयोगी समजून गाळला, तर रकान्यात आधीपासून पडून असलेली किंमत खरी माहिती म्हणून पुढे जाते. म्हणून अशा कामात ज्यांनी तो जुना प्रोग्राम चालवला आहे, त्या कर्मचाऱ्यांशी बोलण्याला पर्याय नाही, असे मला वाटते.

कॉटलिन, स्विफ्ट आणि रस्ट या भाषांनी हा प्रश्न मुळातूनच हाताळला आहे. किंमत नसू शकते, हे तिथे त्या किंमतीच्या प्रकारातच सांगावे लागते, आणि ती नसेल तर काय करायचे हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम सहसा तयारच होत नाही. जावामधून कॉटलिनमध्ये येताना याचा मोठा फायदा होतो, कारण जे निर्णय पूर्वी कोणाच्या तरी डोक्यात होते ते कागदावर येतात. मात्र स्वयंचलित रूपांतरात अनेक ठिकाणी दोन उद्गारचिन्हे टाकून ‘येथे नल नाहीच’ असे गृहीत धरलेले आढळते, आणि ते गृहीतक चुकले की प्रोग्राम पूर्वीसारखाच कोसळतो. अशी प्रत्येक जागा स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

तपासणीसाठी निवडलेली माहितीही फसवी असू शकते. पावसाचा वरचा हिशेब फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवसांच्या नोंदींवर चालवून पाहिला, तर इतर सर्व केंद्रांवर शून्यच असल्यामुळे नल वगळला काय आणि शून्य धरला काय, सरासरी शून्यच येते आणि जुना व नवा प्रोग्राम तंतोतंत जुळतात. चूक उघडी पडते ती जोरदार पावसाच्या दिवशी एक मापक बंद असेल तेव्हा, म्हणून तसा दिवस चाचणीत मुद्दाम घालावा लागतो. सर्वच मापक बंद असलेला दिवसही घालावा: एसक्यूएल त्या दिवसाची सरासरी नल देते, तर जावामध्ये नल नीट वगळूनही पूर्णांकांनी हिशेब केला असेल, तर शून्याने भागल्याची त्रुटी येते.